वजाबाकीतून दिसलेलं मन

फेब्रुवारी १९५७मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूरॉलॉजी, न्यूरोसर्जरी अँड सायकायट्री’ या ब्रिटिश नियतकालिकात अकरा पानांचा एक शोधनिबंध छापून आला. मेंदूच्या दोन्ही बाजूंना खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झाली की नजीकच्या घटना लक्षात राहात नाहीत, हा त्याचा विषय. लेखक दोघं. विल्यम बीचर स्कोव्हिल हे अमेरिकेतल्या हार्टफर्डचे मेंदूचे शल्यविशारद आणि ब्रेंडा मिल्नर या कॅनडातल्या माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमधल्या मानसशास्त्रज्ञ. मेंदू आणि मन यांच्या नात्याचं आजचं बरंचसं ज्ञान या अकरा पानांवर उभं आहे. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून त्याचा निष्कर्ष दोन ओळींत उरकला जातो. मूळ निबंध सावकाश वाचला, तर विचाराची एक देखणी रचना आपल्यासमोर उलगडत जाते. ज्याला वाचनाची आवड आहे त्याने ती एकदा अनुभवावी, असं मला मनापासून वाटतं. काय हरवलं हे सांगतानाच काय शाबूत राहिलं याचाही तितकाच काटेकोर हिशेब देणं, हे या निबंधाचं खरं बळ आहे. मनाचे सांधे दिसले ते या हिशेबामुळे.

निबंधाची चव कळायची तर त्या काळची हवा आधी कळायला हवी. स्मृती मेंदूत नेमकी कुठे असते, या प्रश्नाने कार्ल लॅशली या मोठ्या संशोधकाला आयुष्यभर झुंजवलं होतं. उंदरांना भूलभुलैयातली वाट शिकवायची, मेंदूच्या वरच्या थराचा कधी हा तर कधी तो भाग काढायचा आणि ती वाट उंदीर विसरतो का हे पाहायचं, असे त्यांचे प्रयोग. किती भाग काढला याने फरक पडायचा. कुठला काढला याने फारसा पडत नसे. १९५०मध्ये त्यांनी या शोधाचा ताळेबंद मांडला तेव्हा स्मृतीची ठरावीक जागा हाती लागली नव्हती. स्मृती साऱ्या मेंदूभर पसरलेली असते, असं मानायला त्यामुळे आधार मिळाला. मानसशास्त्रात त्या वेळी वर्तनवादाचा जोर होता. मनाच्या आत काय चालतं हे विचारणंच अनेकांना अशास्त्रीय वाटे. शस्त्रक्रियेच्या दालनात मात्र आत्मविश्वास दांडगा होता. तीव्र मनोविकारांवर मेंदूचा भाग कापून उपचार करण्याची ती दशकं होती आणि स्कोव्हिल त्या प्रवाहातलेच एक नामांकित शल्यविशारद होते.

मिल्नर दुसऱ्या वाटेने आल्या होत्या. केंब्रिजला शिकून त्या माँट्रियलला आल्या आणि डोनाल्ड हेब यांच्या विद्यार्थिनी झाल्या. शिकणं म्हणजे चेतापेशींमधले जोड बळकट होत जाणं, ही कल्पना हेब यांनी १९४९च्या आपल्या पुस्तकात मांडली होती. शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांच्या रुग्णांची तपासणी करताना मिल्नर यांना दोन विलक्षण रुग्ण भेटले. दोघांच्याही फक्त डाव्या बाजूच्या टेम्पोरल लोबवर, म्हणजे कानशिलामागच्या भागावर, शस्त्रक्रिया झालेली. तरी दोघांनाही नवं काही लक्षात राहीनासं झालेलं. दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आधीपासूनच बिघडलेला असावा, असा तर्क पेनफिल्ड आणि मिल्नर यांनी केला. पुढे त्यांतल्या एका रुग्णाच्या शवविच्छेदनात तो खराही ठरला. हे काम १९५५मध्ये सादर झालं, तेव्हा स्कोव्हिल यांना आपल्या एका रुग्णाची आठवण झाली. त्यांनी पेनफिल्ड यांच्याशी संपर्क साधला आणि मिल्नर तपासणीसाठी हार्टफर्डला गेल्या. शस्त्र चालवणारा आणि निरीक्षण करणारी असे दोन वेगळे स्वभाव या निबंधात एकत्र नांदतात. त्याची गोडीही यातच आहे.

सुरुवातीलाच लेखक आपला हेतू सांगून टाकतात. हे सगळं तपशिलाने मांडण्याची कारणं दोन: एक, या निरीक्षणांचं सैद्धांतिक मोल, आणि दुसरं, अशी शस्त्रक्रिया दोन्ही बाजूंनी केल्यास स्मृतीला धोका आहे, हा इतर शल्यविशारदांना इशारा. दुसरं कारण वाचताना मी दर वेळी थांबतो. ज्याच्या हातून नुकसान झालं तोच इथे ते नुकसान जाहीर करतो आहे. मुख्य रुग्णावरची शस्त्रक्रिया उघडउघड प्रायोगिक होती, हेही स्कोव्हिल लपवत नाहीत. फिट्सनी त्या तरुणाचं जगणं अशक्य करून टाकलं होतं आणि औषधांचे मोठे डोसही उपयोगी पडत नव्हते, एवढं समर्थन ते देतात. त्यापलीकडे सारवासारव नाही. या कबुलीने झालेलं भरून निघत नाही. पण निबंधाच्या प्रत्येक वाक्यावर विश्वास ठेवायला ती आपल्याला तयार करते.

आता रचना पाहू. एक विलक्षण रुग्ण हाती असताना त्याचीच कहाणी सांगण्याचा मोह कुणालाही झाला असता. या निबंधात मात्र रुग्ण आहेत दहा. त्यांची मांडणी तीन गटांत केली आहे: स्मृती फार बिघडलेले तिघं, मध्यम बिघाड असलेले पाच आणि अजिबात बिघाड नसलेले दोघं. शेवटच्या दोघांपैकी एका रुग्णाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंचा फक्त पुढचा भाग काढला होता. त्यात अमिग्डाला हा भाग गेला, हिप्पोकॅम्पस वाचला आणि स्मृतीही वाचली. दुसऱ्याची शस्त्रक्रिया हिप्पोकॅम्पसपर्यंत पोचली होती, पण एकाच बाजूला. त्याचीही स्मृती वाचली. उलट ज्या रुग्णांत शल्यविशारद दोन्ही बाजूंनी मागेपर्यंत गेले, त्यांच्यात बिघाड वाढत गेला.

या मांडणीत एक न बोललेला युक्तिवाद आहे आणि तो वाचकाने स्वतः पुरा करायचा आहे. शस्त्रक्रियेचा धक्का हे कारण असू शकेल का? तो तर दहाही जणांना बसला होता. मनोविकाराचा परिणाम असेल? मग मुख्य रुग्णाला मनोविकार नव्हता, त्याचं काय? एकेक शंका मनात उठते आणि पुढच्या रुग्णाच्या नोंदीत तिचं उत्तर मिळतं. वरवर पाहता हे दहा माणसांचे कोरडे अहवाल आहेत. एकापुढे एक वाचत गेलं की त्यांतून एकच वाक्य तयार होतं: हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी जितका जास्त काढला, तितकी स्मृती जास्त गेली. लॅशली यांना उंदरांच्या मेंदूत जी जागा सापडली नव्हती, तिच्याकडे इथे बोट दाखवलं गेलं. बोट दाखवतानाही लेखक हात आखडता घेतात. स्मृती इथेच साठवलेली असते, असं ते म्हणत नाहीत; नव्या अनुभवांची आठवण टिकण्यासाठी हा भाग अत्यावश्यक दिसतो, एवढंच त्यांना म्हणायचं आहे.

या दहांतला पहिला रुग्ण एच. एम. वय २९, व्यवसाय मोटर वाइंडिंगचा. दहाव्या वर्षापासून लहान फिट्स, सोळाव्यापासून मोठ्या. १९५३मध्ये शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेनंतर फिट्स खूप कमी झाल्या. पण रुग्णालयातली माणसं त्याला ओळखू येईनात आणि बाथरूमची वाट सापडेना. त्याच्यावरचा मजकूर निबंधाचा गाभा आहे. इथे मिल्नर यांची नजर कशी काम करते ते पाहण्यासारखं आहे. मोजमापाच्या आधी त्या घरात डोकावतात. कुटुंबाने घर बदललं. एच. एम.ला नवा पत्ता येत नाही, जुना मात्र बिनचूक येतो, त्यामुळे त्याला एकटं घराबाहेर सोडता येत नाही. कालच वापरलेलं गवत कापायचं यंत्र कुठे ठेवलं हे आज आईला सांगावं लागतं. हाती आलं की गवत मात्र तो व्यवस्थित कापतो. तेच जिगसॉ कोडं रोज जुळवतो आणि त्यात सराव झाल्याचं दिसत नाही. तीच मासिकं पुन्हा पुन्हा वाचतो आणि मजकूर दर वेळी नवाच. मिल्नर यांच्यासमोर तो जेवला. अर्ध्या तासाने काय खाल्लं ते त्याला सांगता आलं नाहीच, आपण जेवलो हेदेखील त्याच्या लक्षात नव्हतं.

या तपशिलांची निवड किती विचारपूर्वक आहे! पत्ता म्हणजे जागेची आठवण. यंत्र कुठे ठेवलं ही कालच्या प्रसंगाची, मासिकातला मजकूर ही वाचलेल्या अर्थाची आणि जेवण ही स्वतःच्या देहावर घडलेल्या गोष्टीची. चार साध्या घरगुती नोंदींत स्मृतीची चार क्षेत्रं येऊन जातात आणि प्रत्येक नोंदीत जुनं शाबूत, नवं नाहीसं ही रेघ उमटते. गवत कापता येतं, यंत्र सापडत नाही, या एका निरीक्षणात पुढच्या काही दशकांचं संशोधन दडलेलं होतं. बहुतेक आईकडून कळलेल्या या नोंदी लेखकांनी चाचण्यांच्या बरोबरीने ठेवल्या. ज्या माणसाला काही आठवत नाही, त्याच्या विसरण्याची साक्ष जवळच्या माणसाकडूनच मिळणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

मग आकडे येतात. २६ एप्रिल १९५५ला झालेल्या तपासणीत एच. एम.ने तारीख सांगितली मार्च १९५३ आणि स्वतःचं वय २७. खोलीत येण्याआधी नुकतेच तो एका डॉक्टरांशी बोलला होता. त्या बोलण्याचा त्याला मागमूस नव्हता. वेक्सलर चाचणीत त्याचा बुद्ध्यंक आला ११२. शस्त्रक्रियेपूर्वी तो १०४ होता. स्मृतीच्या चाचणीचा अंक आला ६७. दोन्ही चाचण्यांची सरासरी १०० धरलेली असते. एका माणसाच्या एकाच दिवसाच्या तपासणीतले हे दोन आकडे, ११२ आणि ६७, मला या निबंधाचा कळस वाटतात. विचार करण्याची क्षमता सरासरीहून वर आणि नवं लक्षात ठेवण्याची क्षमता जवळपास शून्याला टेकलेली. तोपर्यंत स्मृती आणि बुद्धी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या मानल्या जात की एक ढासळली तर दुसरी डळमळणार, हे गृहीतच असे. इथे त्या दोन वेगळ्या झालेल्या दिसतात. त्यांना वेगळं करणारी फट मेंदूच्या एका ठरावीक जागेतून जाते.

या गटातला दुसरा रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि त्याला तीव्र मनोविकार होता. सांगितल्यावरून त्याने कुत्रा आणि हत्ती अशी चित्रं काढली. अर्ध्या तासाने ती आपण काढली हे त्याला ओळखता आलं नाही. लेखक ही गोष्ट एका वाक्यात सांगतात आणि पुढे जातात. ‘दुर्दैवाने’, ‘हृदयद्रावक’ असले शब्द जवळपास फिरकत नाहीत. आपल्याकडे काव्यशास्त्राने औचित्याला मोठं स्थान दिलं आहे. कुठे किती बोलावं याचं भान या गद्याला पुरेपूर आहे. कारुण्य लेखकाच्या विशेषणांत नाही, ते प्रसंगात आहे. म्हणूनच ते वाचकापर्यंत न सांडता पोचतं. आणि त्याला लागूनच अद्भुत येतं: इतकं गमावलेला माणूस विनोद समजतो, कोडी सोडवतो, सौजन्याने बोलतो. करुण आणि अद्भुत असे एकाच ओळीत भेटणं हे मोठ्या वाङ्मयातही विरळाच.

आणखी एक सूक्ष्म निरीक्षण निबंधात आहे: लक्ष टिकून असेपर्यंत गोष्ट मनात राहते, लक्ष दुसरीकडे वळलं की ती पुसली जाते. यामागचा अर्थ मिल्नर यांच्या नंतरच्या एका तपासणीत झळाळून उठला. एच. एम.ला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. पंधरा मिनिटांनी त्याने तो बरोबर सांगितला आणि युक्तीही उलगडून दाखवली: तिन्ही अंकांची बेरीज १७, त्यातून ८ वजा केले की ९ उरतात, नवाचे जवळपास दोन भाग म्हणजे ५ आणि ४. त्यानंतर मिनिटभरातच आकडाही गेला आणि युक्तीही गेली. म्हणजे क्षणभर धरून ठेवण्याची सोय वेगळी, कायमचं जपण्याची वेगळी. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९०मध्ये प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन स्मृती मानल्या होत्या, त्या आत्मनिरीक्षणाच्या आधारावर. इथे तोच भेद एका माणसाच्या मेंदूत प्रत्यक्ष उभा होता.

काळाचा योगायोगही अर्थपूर्ण आहे. १९५६मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो, हे दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत भरलेल्या परिसंवादात मिलर आणि भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्यासारखे विचारवंत एकत्र आले. बोधनिक मानसशास्त्राची पहाट म्हणून तो दिवस सांगितला जातो. मन माहिती घेतं, धरून ठेवतं, साठवतं, शोधून काढतं, हे नवं चित्र तिथे आकार घेत होतं. मात्र ते मेंदूविना काढलेलं होतं. आकृतीतल्या चौकटींना शरीरात पत्ता नव्हता. काही महिन्यांतच स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा निबंध आला. आकृतीतल्या दोन चौकटींमधली रेघ मेंदूत खरोखर आहे, ती तुटू शकते आणि तुटली तरी दोन्हीकडचं बरंच काही चालू राहतं, हा पुरावा त्याने दिला. अल्रिक नाइसर यांच्या १९६७च्या पुस्तकाने बोधनिक मानसशास्त्र हे नाव रूढ केलं. मन आणि मेंदूच्या भेटीचा पाया त्याआधी दहा वर्षं पडला होता.

निबंधाच्या मर्यादाही रसिकाने पाहायला हव्यात. काढलेला भाग किती होता हे लेखकांनी शस्त्रक्रियेच्या अंदाजावरून सांगितलं: टेम्पोरल लोबच्या टोकापासून मागे ८ सेंटिमीटर. एच. एम.च्या मेंदूचे एमआरआय अभ्यासून १९९७मध्ये सुझॅन कॉर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रत्यक्षात तो सुमारे ५ सेंटिमीटर होता आणि हिप्पोकॅम्पसचा मागचा थोडा भाग आक्रसलेल्या अवस्थेत उरलेला होता. आजूबाजूचा भागही गेला होता, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या हिप्पोकॅम्पसला देता येत नाही. नैतिक प्रश्न याहून जड आहे. दहांतले बहुतेक जण मनोविकाराने पिडलेले होते. त्यांच्या मेंदूला हात लावताना तो भाग काय काम करतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं; ते कळलं तेच मुळी या नुकसानीतून. निबंधाची वाखाणणी करताना ही किंमत डोळ्यांआड करणारा वाचक मला अपुरा वाटतो.

पण आधी म्हटलेल्या त्या हिशेबाकडे, शाबूत राहिलेल्याच्या नोंदीकडे, पुन्हा वळावंसं वाटतं. जुन्या आठवणी आणि आधी शिकलेली कसबं टिकून आहेत, हे लेखकांनी लिहून ठेवलं. ही नोंद नसती तर पुढचा प्रश्न सुचला नसता: नवं कसब तरी शिकता येईल का? मिल्नर यांनी एच. एम.ला आरशात पाहून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. आरशात दिशा उलटतात, त्यामुळे आरंभी कुणाचाही हात अडखळतो. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने फिरू लागला; दर दिवशी मात्र हे काम त्याला कोरं करकरीत वाटत होतं. १९६२मध्ये हे प्रसिद्ध झालं. हात शिकत होता आणि हात शिकतो आहे हे मनाला कळत नव्हतं. प्रसंग आणि माहिती सांगता येणारी स्मृती वेगळी, अंगवळणी पडणारी वेगळी, हा आज सर्वमान्य असलेला भेद इथून रुजला. गवत कापता येतं, यंत्र सापडत नाही, या नोंदीचा अर्थ अखेर उमगला तो असा.

पुढची वाट चेतापेशींकडे गेली. १९७१मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागी आल्यावरच सक्रिय होणाऱ्या पेशी सापडल्या. १९७३मध्ये टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमधले चेतापेशींचे जोड उद्दीपनानंतर तासन्‌तास बळकट राहतात हे दाखवलं. हेब यांच्या कल्पनेला असा जिवंत आधार मिळाला. नेमकं कुठे पाहायचं, हे या सगळ्यांना ठाऊक होतं ते त्या अकरा पानांमुळे.

एच. एम.चं पूर्ण नाव, हेन्री मोलेसन, जगाला कळलं ते २००८मध्ये त्याच्या निधनानंतर. तोवरची पाच दशकं तो संशोधकांना न कंटाळता साथ देत राहिला. प्रत्येक चाचणी त्याच्यासाठी पहिलीच होती. मृत्यूनंतर सॅन डिएगोमध्ये त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून जतन केले गेले. ज्याला कालचा दिवस ठेवता आला नाही, त्याच्याकडून आपण आठवण म्हणजे काय हे शिकलो, हे ऋण मोठं आहे.

एखादी क्षमता गेलेला माणूस समोर आला की आपली नजर तिथेच खिळते. काय गेलं ते चटकन दिसतं आणि सारा माणूस त्या उणिवेच्या नावाने ओळखला जातो. स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी ६७च्या शेजारी ११२ लिहिलं. मनाचे भाग वेगळे करून दाखवण्याची पद्धत विज्ञानाला त्या शेजारामुळे मिळाली. एच. एम. नावाचा माणूस केवळ विसरण्याचा नमुना होण्यापासून वाचला, तोही त्याच शेजारामुळे. मेंदूचा अभ्यास करणाऱ्याने, तसंच स्मृतिभ्रंशाने गाठलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांजवळ बसणाऱ्याने, हा निबंध अवश्य वाचावा. काय गेलं हे विचारल्यावर लगेच काय उरलं हेही विचारायला तो शिकवतो. ज्ञान आणि आस्था या दोहोंची सुरुवात मला या दुसऱ्या प्रश्नात दिसते.